माहलरची सहावी: दोन रेकॉर्डिंग्ज शेजारी ठेवून कशी ऐकावीत

गुस्ताव माहलर या ऑस्ट्रियन संगीतकाराच्या सहाव्या सिंफनीचं, म्हणजे मोठ्या वाद्यवृंदासाठीच्या चार भागांच्या रचनेचं, चांगलं रेकॉर्डिंग कोणतं, असं कुणी विचारलं की मी आधी उलटे प्रश्न विचारते. शेवटच्या भागातले हातोड्याचे घाव दोन हवेत की तीन? मधल्या दोन भागांपैकी आधी कोणता? पहिला भाग झपाझप चालणारा हवा की जड पावलांचा? विचारणारा गोंधळतो, थोडा वैतागतोही. पण हे ठरल्याशिवाय नाव सांगून उपयोग नसतो. ‘सर्वोत्तम दहा’ छापाच्या याद्यांमध्ये नावं असतात, कारणं क्वचित असतात.

माझे कान ख्यालावर वाढलेले. आपल्याकडे यमन कुणी वीस मिनिटं मांडतो, कुणी तासभर, आणि कोण गातंय ते दोन आवर्तनांत कळतं. सिंफनीत प्रत्येक सूर कागदावर बांधलेला. त्यात माहलर स्वतः त्याच्या काळातला नावाजलेला कंडक्टर, म्हणजे समोर उभं राहून वाद्यवृंद चालवणारा. वादकांनी काय करावं आणि काय करू नये, याच्या सूचना त्यानं पानोपानी लिहून ठेवल्यात. मग फरक उरतो कुठे? भरपूर ठिकाणी उरतो. फक्त तो कुठे शोधायचा, हे आधी ठरवून बसावं लागतं.

आधी छोटा सराव

सहावी जवळपास ऐंशी मिनिटांची आहे. तिथून सुरुवात करू नका. पाचव्या सिंफनीतला चौथा भाग घ्या, अडाजिएटो. फक्त तंतुवाद्यं आणि हार्प. पितळी वाद्यं नाहीत, नगारे नाहीत. तीन कंडक्टरांची रेकॉर्डिंग्ज काढा: विलेम मेंगेलबर्गनं १९२६ साली ॲम्स्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाऊ ऑर्केस्ट्रासोबत केलेलं, कारायानचं बर्लिन फिलहार्मोनिकसोबतचं १९७३ चं, आणि हायटिंकचं त्याच बर्लिन फिलहार्मोनिकसोबतचं १९८८ चं. मेंगेलबर्ग सुमारे सात मिनिटांत संपवतो, कारायानला बाराच्या आसपास लागतात आणि हायटिंकला चौदा. सूर तेच, वेळ दुप्पट.

मेंगेलबर्गला ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्यांमुळे घाई करावी लागली असेल, ही शंका रास्त आहे. एका बाजूवर चार-साडेचार मिनिटंच मावायची. पण सात मिनिटांसाठीही दोन बाजू लागणारच होत्या, आणि दोन बाजूंवर साडेआठ मिनिटं सहज बसली असती. म्हणजे ही गती त्यानं स्वतः निवडलेली आहे. तो माहलरचा मित्र होता, आणि हा भाग म्हणजे माहलरनं आपल्या भावी बायकोला, आल्माला, दिलेली प्रेमाची कबुली आहे, असं त्यानं आपल्या स्कोअरवर (सगळ्या वाद्यांचे सूर लिहिलेल्या प्रतीवर) लिहून ठेवलं होतं. उलट १९६८ च्या जूनमध्ये अमेरिकन नेते रॉबर्ट केनेडींच्या अंत्यविधीत, न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलमध्ये, अमेरिकन कंडक्टर लेनर्ड बर्नस्टाइननं हाच भाग वाजवला. प्रेमपत्र आणि शोकगीत, दोन्ही वाचनं त्या पानांतून निघू शकतात.

आता घड्याळ बाजूला ठेवा आणि एकच जागा धरा: हार्पच्या मागोमाग व्हायोलिनचे जे पहिले तीन चढते सूर येतात, तेवढेच. ते पुढच्या सुराकडे ओढ घेतात की प्रत्येक सुरावर रेंगाळतात? मेंगेलबर्गकडे आणखी एक गोष्ट सापडेल. त्याची व्हायोलिनं एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातात. मींड ऐकायची सवय असलेल्या आपल्या कानांना हे लगेच गोड लागतं. युरोपात ही रीत पुढे मागे पडली. हायटिंककडे ती फारशी मिळणार नाही. मला तिची चुटपुट लागते, हे कबूल.

पंखा, आवाज, लेबल

पंखा बंद करा. मे महिन्यात हे सांगणं क्रूर आहे, पण नवव्या सिंफनीचं शेवटचं पान छताच्या पंख्याखाली ऐकूच येत नाही. मी रात्री अकरानंतर किंवा पहाटे ऐकते, कुकरच्या शिट्ट्या सुरू व्हायच्या आत. लोकलमध्ये हेडफोन लावून माहलरची तुलना करू नका. तिथे फक्त मोठे आवाज पोचतात आणि सगळे कंडक्टर सारखेच आक्रस्ताळे वाटतात.

दोन रेकॉर्डिंग्जचा आवाज सारखा करून घ्या. जे थोडं मोठ्यानं वाजतं ते कानाला हटकून ‘जास्त जिवंत’ वाटतं. मोठ्या कल्लोळावर नको, मध्यम आवाजाच्या एखाद्या जागी दोन्ही वाजवा आणि कानानं जुळवा. अ‍ॅपमध्ये गाणी एकमेकांत मिसळण्याची सोय चालू असेल तर ती बंद करा.

लेबल नीट वाचा. ‘रीमास्टर्ड’च्या पुढे छापलेलं साल हे मूळ ध्वनिमुद्रणाचं नसतं. कंडक्टर, वाद्यवृंद आणि मुद्रणाचं साल, हे तिन्ही मिळाल्याशिवाय वहीत नोंद करायची नाही. बर्नस्टाइनच्याच सहाव्या घ्या: १९६७ ची न्यूयॉर्कची आणि १९८८ ची व्हिएन्नाची. नुसतं ‘बर्नस्टाइन ऐका’ म्हणण्याला काही अर्थ नाही.

माहलर १९११ साली गेला, त्यामुळे त्याचे स्कोअर नेटवर मोफत मिळतात. नोटेशन वाचता आलं नाही तरी चालेल. मलाही सराईतपणे येत नाही. ओळी कुठे दाट होतात आणि कुठे विरळ, एवढं डोळ्यांनी धरता आलं तरी कान निम्मं काम सोपं करून घेतात.

सहावीतले चार थांबे

पहिला थांबा पहिल्या भागातच. बार्बिरोली आणि न्यू फिलहार्मोनिया, लंडन, १९६७. बर्नस्टाइन आणि न्यूयॉर्क फिलहार्मोनिक, १९६७. एकाच वर्षातली मुद्रणं, आणि पहिल्या भागाची लांबी दोन्हीकडे एकवीस मिनिटांच्या आसपास. आकडे बघून वाटेल, गती सारखीच. तसं नाही. माहलरनं सुरुवातीचा मोठा तुकडा दोनदा वाजवायला सांगितलाय. बर्नस्टाइन तो दोनदा वाजवतो, बार्बिरोली एकदाच. म्हणजे तेवढ्याच वेळात एकानं बरंच जास्त अंतर कापलंय. म्हणून पूर्ण भागाची वेळ बघू नका. पहिल्या सुरापासून व्हायोलिनची ती उंच झेपावणारी धून सुरू होईपर्यंतचा वेळ दोन्हीकडे मोजा. तिला आल्माची धून म्हणतात आणि ती चुकवणं अशक्य आहे. हा आकडा खरा बोलतो.

भागाच्या डोक्यावर माहलरनं लिहिलंय ते साधारण असं: जोमदार, पण फार जलद नको. बर्नस्टाइननं ‘जोमदार’ उचललं, बार्बिरोलीनं ‘फार जलद नको’. मला बार्बिरोलीचा मार्च, म्हणजे सैनिकी कूच, जास्त पटतो, कारण त्यात पाय उचलायलाच कष्ट पडतायत असं वाटतं. पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या हाती मी तो देणार नाही. तो माणूस दहाव्या मिनिटाला फोन बघायला लागेल.

दुसरा थांबा म्हणजे मधल्या भागांचा क्रम, आणि इथे खरी भांडणं आहेत. माहलरनं सिंफनी लिहिली तेव्हा आधी स्केर्झो हा चपळ भाग, मग संथ आंदान्ते असा क्रम होता, आणि तसाच स्कोअर छापला गेला. २७ मे १९०६ ला जर्मनीतल्या एसेनला पहिला प्रयोग झाला. तिथे त्यानं क्रम उलटा केला: आधी आंदान्ते. तो गेल्यावर, १९१९ साली, मेंगेलबर्गनं आल्माला विचारलं आणि तिची तार आली: आधी स्केर्झो, मग आंदान्ते. १९६३ साली एर्विन रात्झनं संपादित केलेल्या अधिकृत आवृत्तीनं स्केर्झो पुढे आणला. २००३ साली आंतरराष्ट्रीय माहलर सोसायटीनं पुन्हा कौल फिरवला: आंदान्ते पुढे. त्यामुळे मधल्या चाळीस वर्षांतल्या बहुतेक रेकॉर्डिंग्जमध्ये स्केर्झो दुसरा आहे, आणि हल्लीच्या कितीतरी मुद्रणांत आंदान्ते.

हा फरक तपासायला कंडक्टर क्लाउडिओ अबाडोसारखा साक्षीदार नाही. १९७९-८० च्या शिकागोच्या मुद्रणात त्याचा स्केर्झो आधी येतो. २००४ च्या बर्लिनच्या मुद्रणात आंदान्ते आधी. स्केर्झोची सुरुवात पहिल्या भागासारखीच ठोकत येते, त्याच स्वरात. तो लगेच आला की मार वाढतो, आणि आंदान्तेची सावली शेवटच्या भागाच्या अगदी तोंडावर मिळते. आंदान्ते आधी आला की श्वास लवकर मिळतो, पण स्केर्झोतून निघून लगेच तीस मिनिटांच्या शेवटच्या भागात ढकललं जातं. अ‍ॅपवर क्रम बदलून दोन्ही ऐकता येतं, जरूर करून बघा. मात्र त्या क्रमाचं श्रेय किंवा दोष कंडक्टरला देऊ नका. मी स्वतः स्केर्झो-आधीवाली. माहलरनं स्वतः उलटं वाजवलं हे माहीत असूनही.

तिसरा थांबा लहान आहे: गुरांच्या घंटा. पहिल्या भागाच्या मध्यावर त्या दुरून येतात. माहलरची सूचना अशी की चरणाऱ्या कळपासारख्या त्या मधूनच, अनियमित वाजाव्यात. आणि लगेच पुढे, यातून कुठलीही गोष्ट काढू नये, अशी ताकीद. ऐकायचं एवढंच: घंटा खरंच लांबवर आहेत, की मायक्रोफोनच्या नाकाशी कुणी हलवतंय? ध्वनिमुद्रकाचा हात ओळखायला याहून सोपी जागा नाही.

चौथा थांबा हातोड्याचा. शेवटच्या भागात माहलरनं आधी तीन घाव लिहिले, नंतर तिसरा काढून टाकला. आवाज आखूड, जोरदार, पण बोथट हवा. धातूचा नको, कुऱ्हाडीच्या घावासारखा. असं तयार वाद्य कुठे मिळत नाही. प्रत्येक वाद्यवृंद आपापली लाकडी पेटी आणि भलामोठा लाकडी हातोडा बनवून घेतो, त्यामुळे प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये घावाचा आवाज वेगळा. पहिला घाव साधारण बाराव्या-तेराव्या मिनिटाच्या सुमारास, दुसरा त्यानंतर चार-पाच मिनिटांनी, तिसऱ्याची जागा अगदी शेवटाकडे. बर्नस्टाइन तिन्ही मारतो. पिएर बूलेझ १९९४ च्या व्हिएन्नाच्या मुद्रणात दोनच. पण घाव मोजून थांबू नका. घावानंतरचे काही क्षण ऐका. बूलेझकडे गोंधळातही प्रत्येक ओळ वेगळी दिसते. बर्नस्टाइनकडे सगळं अंगावर कोसळतं. तुम्हाला कुठलं हवंय, हे त्या काही क्षणांत ठरतं.

एक इशारा. शेवटच्या पानांवर ट्रॉम्बोन आणि ट्यूबा ही पितळी वाद्यं खालच्या आवाजात बोलत असतात. त्यांच्यासाठी व्हॉल्यूम वाढवू नका. पुढे काय येतं ते माझ्या शेजाऱ्यांना विचारा.

कोण कुठे बसलंय

काही कंडक्टर दुसरी व्हायोलिनं पहिल्यांच्या शेजारी बसवतात, काही समोरासमोर, म्हणजे आपल्या उजव्या हाताला. नवव्या सिंफनीत हा मुद्दा पहिल्याच मिनिटात निकाली लागतो, कारण मुख्य धून दुसरी व्हायोलिनं सुरू करतात. क्लेंपरर आणि कुबेलिक यांनी त्यांना उजवीकडे बसवलंय. हेडफोन लावा: धून उजवीकडून येते आणि पुढे डावीकडची पहिली व्हायोलिनं तिच्यात उतरतात. एकदा हे ऐकलं की सगळी व्हायोलिनं एकाच बाजूला असलेलं मुद्रण मला अर्धवट वाटतं.

नववीसाठी ब्रूनो वॉल्टर हा एकच कंडक्टर पुरे. या सिंफनीचा पहिला प्रयोग १९१२ साली व्हिएन्नात त्यानंच केला होता. १६ जानेवारी १९३८ ला, व्हिएन्नाच्याच म्युझिकफेराइन या सभागृहात, प्रत्यक्ष मैफलीत त्यानं ती मुद्रित केली. पहिल्या व्हायोलिनच्या खुर्चीवर माहलरचा मेहुणा आर्नोल्ड रोझे होता. दोन महिन्यांत हिटलरचं सैन्य शहरात शिरलं. दुसरं मुद्रण १९६१ चं, कॅलिफोर्नियातलं, निवांत स्टुडिओतलं. पहिलं सत्तर मिनिटांच्या आसपास, दुसरं ऐंशीच्या. पण हा इतिहास माहीत झाला की १९३८ मधला प्रत्येक खोकलासुद्धा अर्थपूर्ण वाटायला लागतो. त्यावर माझा उपाय साधा: फोन मुलाच्या हातात द्यायचा आणि कुठलं लावलंय ते सांगू नको म्हणायचं. जुन्या तबकडीची खरखर गुपित फोडते, त्यामुळे हा खेळ एकाच काळातल्या दोन मुद्रणांवर जास्त चालतो.

वहीत मी तारे देत नाही. थांबा, मिनिट-सेकंद, आणि एक वाक्य. एका बैठकीला दोनच रेकॉर्डिंग्ज, आणि पुढच्या वेळी क्रम उलटा, कारण आधी ऐकलेलं नकळत मोजपट्टी होऊन बसतं.

सहावी जड वाटली तर दुसऱ्या सिंफनीकडे वळा. तिथे आपला माणूस आहे. मुंबईत १९३६ साली जन्मलेले झुबिन मेहता व्हिएन्नात हान्स स्वारोव्स्कींकडे शिकले, अबाडोच्याच वर्गात. मोठ्या कंडक्टरांच्या तालमी जवळून बघता याव्यात म्हणून दोघं चक्क कोरसमध्ये गायचे. मेहतांनी व्हिएन्ना फिलहार्मोनिकसोबत १९७५ साली केलेली दुसरी आणि अबाडोची १९७६ ची शिकागोची दुसरी, ही जोडी म्हणजे एकाच गुरूच्या दोन शिष्यांची बैठक. शेवटच्या भागात कोरस पहिल्यांदा येतो, जवळजवळ न ऐकू येण्याइतक्या हळू आवाजात. तोच थांबा धरा. आणि पहिल्या भागानंतर किमान पाच मिनिटं थांबा, असं माहलरनं लिहून ठेवलंय. अ‍ॅप दोन सेकंदांत पुढचा भाग सुरू करतं. पॉज दाबा, चहा टाका, आणि दुसरं रेकॉर्डिंग ऐकताना तेवढाच वेळ थांबा.