बॉक्स नको, एक सहाण घ्या: रोजच्या कामात देव आणणाऱ्या वस्तू कशा वापरायच्या

परवा मावसबहिणीचा फोन आला, म्हणे ताई मला पण सकाळी जरा शांत वाटेल असं काहीतरी सुरू करायचंय, ऑनलाइन एक बॉक्स बघितलाय, त्यात दिवा, धूपदाणी, माळ, घंटी, तांब्याची बाटली, चंदन सगळं एकत्र येतं, घेऊ का? मी म्हटलं नको घेऊस, मी घेतलेला. निरांजनाचा पितळी मुलामा दुसऱ्याच घासणीत निघाला, चंदन म्हणून आलेला तुकडा उगाळला तर लाकडाच्या भुशासारखा वास, आणि बाकीचं सगळं अजून त्याच बॉक्समध्ये माळ्यावर पडलंय. तरी खरी चूक माझीच होती, एका सोमवारी सहा गोष्टी एकदम सुरू केल्या आणि पुढच्या सोमवारपर्यंत सहाही बंद.

तेव्हापासून वस्तू निवडताना मी एवढंच बघते की ती हाताला काम लावते का. बटण दाबलं की लागणारा प्लास्टिकचा दिवा दिसायला छान असतो पण तो आपल्याकडून काही मागत नाही, त्यामुळे तिसऱ्या दिवशी आपलं त्याच्याकडे लक्षही जात नाही. चंदन उगाळायची सहाण दोन मिनिटं मागते, वात वळायला बोटं मागते. आता जातं घ्या, जात्यात देवाचं असं काय होतं? दोन दगड आणि एक खुंटा. पण पहाटे दळायला बसलेल्या बाईचे हात अडकलेले, तोंड मोकळं, मग ओवी आली, ओवीत विठ्ठल आला, माहेर आलं, सासूही आली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून अशा ओव्या गोळा करायला घेतल्या तर लाखाच्या वर भरल्या! आणि जनाबाईच्या अभंगात तर विठ्ठल स्वतः दळू लागायला येतो. म्हणजे काम सोडून देवाकडे जायचं अशी आपल्याकडे अट कधी नव्हतीच, अरणचे सावता माळी मळ्यातच भेटले त्याला. आता जातं कोणी घेणार नाही, आणि खालच्या मजल्यावरचे घेऊ देणारही नाहीत, म्हणून फ्लॅटमध्ये चालतील अशा वस्तूंचं सांगते.

माझी सगळ्यात आवडती सहाण आणि चंदनाचं खोड. सहाण शक्यतो दगडीच घ्या, वरून हात फिरवला की किंचित खरखरीत लागली पाहिजे, गुळगुळीत संगमरवरी तबकडीवर चंदन नुसतं घसरत राहतं. खोड घेताना मात्र डोकं जाग्यावर ठेवा. चंदनाचा वास असतो झाडाच्या गाभ्यात, तो पिवळट तपकिरी असतो, बाहेरचं पांढरट लाकूड बिनवासाचं, आणि दुकानात बरेचदा कुठल्याही लाकडाला वरून अत्तर चोळून देतात. त्यामुळे नाकाला लावून भुलायचं नाही, दुकानदाराला सांगायचं चार थेंब पाण्यात उगाळून दाखवा. खोटं असेल तर वरचा थर गेला की वासही गेला, खरं असेल तर उगाळल्यावर वास वाढतो. आणि रक्तचंदन ही वेगळीच गोष्ट, ते झाडही वेगळं, त्याला सुगंध जवळजवळ नसतोच, ते लेपाला वापरतात, तर नावाला फसू नका. खरं खोड महाग आहे हे खरंय, गाभा भरायला झाडाला खूप वर्षं लागतात, आणि गंमत म्हणजे हे झाड शेजारच्या झाडांच्या मुळांना आपली मुळं लावून अन्न ओढतं, म्हणजे एवढं सोवळं लाकूड पण एकट्याच्या जिवावर वाढत नाही :) बोटभर तुकडा घ्या, रोज टिकलीएवढंच गंध काढायचं तर तो कितीतरी वर्षं पुरतो.

उगाळायचं कसं ते पण सांगते कारण मला कोणी सांगितलं नव्हतं, आईला बघून येईल असं सगळ्यांना वाटतं, पण बघताना आपलं लक्ष प्रसादाच्या वाटीकडे असतं. सहाण नुसत्या पाण्याने धुवायची, साबण लावायचा नाही, दगड वास धरतो. चार-पाच थेंब पाणी, जास्त नाही. खोडाची सपाट बाजू खाली धरून एकाच दिशेने गोल फिरवायचं, जोर लावायचा नाही, जोर लावला की लवकर होत नाही, फक्त मनगट दुखतं. सुरुवातीला पाणीच पाणी वाटतं, मग एकदम दुधाळ होतं, मग घट्ट, बोटावर घेतलं तर ओघळणार नाही इतपत झालं की थांबायचं. पाण्याचे थेंब टाकतानाच मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून यायचं, ओल्या हाताने तसंही स्क्रीन चालत नाही हा मोठाच फायदा आहे. नाम घ्या, श्लोक म्हणा, नाहीतर काहीच म्हणू नका, मी कितीतरी दिवस नुसता तो घसघस आवाज ऐकलाय. देवाला अनामिकेने लावायचं, सहाणेवर उरलेलं आपल्या कपाळाला. देव मानत नसाल तर थेट स्वतःच्या कपाळाला लावा, माझा नवरा तेच करतो आणि रोज पहिला नंबर लावतो.

झालं की खोड धुऊन सावलीत उभं ठेवायचं. उन्हात ठेवलं तर चिरतं, ओल्या सहाणेवर तसंच ठेवलं तर पावसाळ्यात बुरशी धरते, माझ्या पहिल्या खोडाचं तेच झालं. (बाळगुटीची सहाण आणि ही सहाण वेगळी. गुटी द्यायची की नाही ते डॉक्टरांना विचारा, त्यात मी पडत नाही.)

दुसरं निरांजन. इथे खरा विधी दिवा लावण्याच्या आधीच सुरू होतो, फुलवाती करताना. बाजारात तुपात भिजवलेल्या आयत्या मिळतात, अडीअडचणीला ठीक आहेत, पण त्यात तूप म्हणून काय असतं ते पाकीट उलटं करून वाचा एकदा. घरी करायला काहीच नाही हो, सरकी काढलेला स्वच्छ कापूस घ्यायचा, चिमूटभर पिंजून गोल पसरायचा, मधोमध धरून वर ओढायचा आणि दुधाचं बोट लावून टोक पिळायचं. पहिल्या दहा फुलवाती फुलांसारख्या दिसत नाहीत, फ्लॉवरसारख्या दिसतात, चालतं. रविवारी दुपारी आठवड्याच्या करून पातळ केलेल्या तुपात बुडवायच्या आणि बर्फाच्या ट्रेमध्ये एकेक ठेवून फ्रीजमध्ये, म्हणजे सोमवारी सकाळी डबा उघडून एक उचलली की झालं. ज्योत धूर सोडायला लागली तर टोक जास्त मोठं आहे किंवा वातीवर काजळी धरलीय असं समजायचं, चिमट्याने झाडायची. आणि फुंकर नाही! फुलाने किंवा छोट्या चमच्याने मालवायचा, तूप असेपर्यंत जळू दिला तर तो आपोआप शांत होतो, माझा साधारण 20-25 मिनिटं चालतो.

तेवढा वेळ त्याच खोलीत बसा मात्र. निरांजन ताम्हणात ठेवा, पडद्यापासून लांब, आणि घरात कोणाला ऑक्सिजन लावलेला असेल तर दिवा अजिबात नको, समोर फूल ठेवा. परदेशात असाल तर धुराचा अलार्म कुठे बसवलाय ते आधी बघा. माझ्या भावाकडे कापूर पेटवल्यावर सगळ्या बिल्डिंगला आरती कळली होती.

वेळेचं काय, हा प्रश्न सगळ्याच जणी विचारतात. दिवेलागण म्हणजे तिन्हीसांजेची, पूर्वी शुभंकरोति आणि मागोमाग परवचा, पाढे म्हणून झाल्याशिवाय जेवण नाही. पण साडेसहाला मी लोकलमध्ये कुर्ला आणि घाटकोपरच्या मधे कुठेतरी उभी असते, बरेचदा एका पायावर. मग मी ठरवलं की माझी दिवेलागण म्हणजे मी घरात पाऊल टाकल्याची वेळ, पर्स ठेवायची, हातपाय धुवायचे, मोबाइल चार्जिंगला लावायच्या आधी दिवा लावायचा. आमच्या मजल्यावरच्या काकूंना हे पटत नाही, त्या म्हणतात आठ वाजता कसली तिन्हीसांज. बरोबर आहे त्यांचं. पण वेळ घड्याळाला बांधली की माझ्यासारखीची महिन्यातून वीस दिवस चुकते, रोज होणाऱ्याच एखाद्या कामाला बांधली की चुकत नाही. चहाचं आधण ठेवलं की गंध उगाळायचं, कुकर लावला की तुळशीला पाणी, असं काहीतरी धरा. पाळीच्या दिवसांत चालतं का, तर मी लावते दिवा, तुमच्या घरचं तुम्ही ठरवा.

तांब्याचा तांब्या, ताम्हण, पळी-पंचपात्र वापरणार असाल तर घासणं हाच निम्मा विधी. चिंचेचा कोळ आणि मीठ लावून दोन मिनिटं ठेवा, नारळाच्या शेंडीने घासा, धुऊन लगेच कोरडं पुसा, नाहीतर पाण्याचे डाग धरतात. दही, लिंबू, पंचामृत तांब्यात ठेवायचं नाही, कळकतं. तांब्याच्या पाण्याचे एकशे एक फायदे तुमच्या फॅमिली ग्रुपवर आलेले असतीलच, ते मी परत लिहीत नाही. मुहूर्तच हवा असेल तर आषाढी अमावास्या धरा, दिव्यांची अवस. गटारी म्हणून बदनाम झालाय बिचारा दिवस, पण खरं तर त्या दिवशी घरातले सगळे दिवे, समया घासूनपुसून पाटावर मांडतात, त्यांचीच पूजा करतात आणि कणकेचे गोड दिवे करून तूप घालून खातात, मुलांना घासायला बसवायला यापेक्षा चांगली लाच नाही.

रांगोळीचं थोडक्यात. स्टिकर नको, चिमटीतून पडणारीच हवी. लिफ्टच्या बाहेर जागा नसेल तर उंबऱ्यापाशी वीतभर, चार ठिपके आणि एक स्वस्तिक किंवा गोपद्म, एवढंच. संध्याकाळी ती पुसली जाते, उद्या परत काढायची.

तुळशीची माळ मात्र या यादीत घालू नका. हल्ली कुर्त्यावर छान दिसते म्हणून घेतात, पण वारकऱ्याच्या गळ्यातली माळ म्हणजे शब्द दिलेला असतो, मांसाहार बंद, एकादशी, वारी. घालायची तर ते सगळं विचारून समजून घाला, नाहीतर जपापुरती 108 मण्यांची वेगळी माळ गोमुखीत, म्हणजे जपाच्या पिशवीत ठेवा.

चुकलं तर काय? काही नाही. चार दिवस गावाला गेलात, आजारी पडलात, कंटाळा आला, तर पाचव्या दिवशी परत सहाण धुवा. मागचे चार दिवस भरून काढायला आठ दिवे लावू नका, मी लावले होते, पडदा थोडक्यात वाचला. आणि पहिला महिनाभर दुसरी वस्तू आणायची नाही, कितीही सेल लागू दे.

खोड झिजत झिजत इतकं उरतं की बोटांची नखं सहाणेला लागतात. तेव्हा ते टाकायचं नाही, सुकवून पैठणीच्या घडीत ठेवायचं. आजीच्या खोडाचा असा उरलेला तुकडा माझ्या कपाटात आहे, सुपारीपेक्षा जरा मोठा, एका बाजूला तिच्या अंगठ्याचा खळगा पडलेला. मावसबहिणीने तो हातात घेऊन बघितला आणि म्हणाली, अगं पण माझा अंगठा नाही बसत यात.