निरीक्षणगृहात मुलांचा गट घेताना

पहिल्या दिवशी ‘समानुभूती’ (दुसऱ्याच्या जागी जाऊन त्याचं मन समजणं) हा शब्द तोंडातून काढू नका. मी काढला होता. मुलं जांभया देत बसली. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या भाषेत ही ‘विधिसंघर्षग्रस्त बालकं’, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेली अल्पवयीन मुलं, चौकशी चालू असताना निरीक्षणगृहात ठेवलेली; पण माझ्यापुढे असतात ती कॅरमच्या स्ट्रायकरवरून कॉलर धरणारी पोरं. तिथूनच सुरुवात करा.

सहा-सात जण, सतरंजीवर, गोलात. गुन्ह्याचं विचारायचं नाही. ते बाल न्याय मंडळ बघेल. ताजं भांडण घ्या. “तो माझ्याकडे बघून हसला” असं कुणी म्हणालं की विचारा, “तू पाहिलंस काय आणि धरून काय चाललास?” हसणं दिसलेलं असतं, अपमान मनाने जोडलेला. मग जागा बदलायला लावा. मारणाऱ्याने मार खाल्लेल्याच्या जागी बसून ‘मी’ म्हणून बोलायचं. इथे घाई नको. एकदा एक जण बराच वेळ गप्प बसला, मग पुटपुटला, “ताई, याची आई काल भेटायला आलीच नाही.” त्या दिवशी मी पुढे काही शिकवलं नाही.

उपाय फळ्यावर लिहा, निदान पाच, ‘मारतो’ धरून. तोही तुम्ही खोडू नका. प्रत्येकापुढे “मग उद्या काय होईल?” एवढंच विचारा, खोडतात तीच.

टिपणवहीत मुलांची नावं नकोत, त्याच कायद्याचं कलम 74 त्यांची ओळख जाहीर करू देत नाही. आणि हो, स्ट्रायकर दोन ठेवा.