थ्रस्टरच्या फीडलाइनची गळती कशी तपासावी
थ्रस्टर म्हणजे यानाचं छोटं रॉकेट इंजिन, फीडलाइन म्हणजे त्याला इंधन पुरवणारी नळी. आधी पाण्याने हायड्रो टेस्ट (दाबाची चाचणी) करा: कामाच्या दाबाच्या दीडपट, दहा मिनिटं. लाइनमधली हवा पूर्ण काढा, घातक ठरते ती अडकलेली हवाच. लाइन वाळवून मग नायट्रोजन, टप्प्याटप्प्याने २० बारपर्यंत. जॉइंटला साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला तर दाब उतरवूनच नट आवळा. पुण्यात दुपारी शेडचा पत्रा तापतो. गॅस एक अंशाने तापला की दाब साधारण ०.०७ बार चढतो आणि बारीक गळती झाकली जाते. म्हणून पहाटे मोजा, तापमानही लिहा.

चेक व्हॉल्व्ह (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) उलट्या दिशेनेही तपासाच. २० एप्रिल २०१९ ला स्पेसएक्सच्या क्रू ड्रॅगन यानाच्या जमिनीवरच्या चाचणीत, गळतीतून हेलियमच्या लाइनमध्ये शिरलेलं नायट्रोजन टेट्रॉक्साइड (इंधन जाळायला लागणारा द्रव) दाब देताना चेक व्हॉल्व्हवर आदळलं, त्यातलं टायटॅनियम पेटलं आणि यान फुटलं. पुढे तिथे चेक व्हॉल्व्हऐवजी बर्स्ट डिस्क (ठराविक दाबालाच फुटणाऱ्या, तोवर वाट पूर्ण बंद ठेवणाऱ्या चकत्या) बसवल्या.