खारट रानातला प्रत्येक बारका भुंगेरा डिसकिरियस सलायनस नसतो, या चुका टाळा

मिरज-वाळव्याकडच्या क्षारपड रानात पांढरी माती दिसली आणि त्यात बारका भुंगेरा पळताना दिसला की लगेच नाव ठोकून मोकळे, डिसकिरियस सलायनस! अहो थांबा जरा. तो मूळचा युरोपच्या किनाऱ्यावरच्या खारट दलदलीतला, तिकडं आतल्या भागातल्या खारट जागीपण असतो, पण आपल्या रानात मीठ वर आलंय ते उसाला अति पाणी पाजून आणि निचरा नसल्यानं. नुसत्या मातीवरनं प्रजात ठरत नाही.

दुसरं म्हणजे वरनं काढलेला धूसर फोटो. किडा जेमतेम ४ मिलिमीटरचा, त्यात काय दिसणार? बाजूनं काढा, पुढचे पाय दिसू देत. ते रुंद आणि दातेरी असतात, माती उकरायला. मग कंबर बघा, मुंगीसारखी बारीक. कंबरेच्या पुढचा भाग गोल गरगरीत असेल तर डिसकिरियस गटातला, जरा चौकोनी आणि अंग लांबट असेल तर बहुतेक क्लायव्हिना, त्याचाच भाऊबंद, तोपण ओल्या मातीत बिळं करतो. एवढं जमलं तरी लय झालं, पुढचं, म्हणजे नेमकी प्रजात, फोटोवरनं किडा ओळखणाऱ्या अॅपच्या भरवशावर सोडू नका.

टणक पंख आखूड आणि पोट उघडं दिसलं तर तो ब्लेडियस नावाचा दुसराच भुंगेरा असू शकतो, म्हणजे डिसकिरियसची शिकार! ब्लेडियस शेवाळ खातो, आणि किनाऱ्यावरच्या एका जातीची मादी तर बिळाचं तोंड इतकं बारीक ठेवते की भरतीचं पाणी आत शिरत नाही, अंड्यांवर राखण करत बसते. डिसकिरियस अशाच बिळांत घुसून ब्लेडियस खातो.

खुरप्यानं उकरू नका राव, बिळं ढासळतात, हाताला काहीच लागत नाही. कृष्णाकाठच्या ओल्या गाळावर ओंजळभर पाणी हळू ओता, पायानं थोडं दाबा, वाट बघा, वर येतात.

आणि डिसकिरियसला हुमणी समजून औषध टाकणारे पण आहेत! हुमणीची अळी पांढरी, जाड, वाकडी, उसाची मुळं खाते. हा शिकारी आहे, उसाला काय करत नाही.

बघायला घरी आणायचाच असेल तर डबीत ओला टिश्यू टाका, उन्हात ठेवू नका, आणि ब्लेडियससोबत एकाच डबीत तर अजिबात नको, घरी पोचेपर्यंत एकच उरायचा.