घरट्याच्या पेटीवरून पक्ष्यांची भांडणं? आधी भोक मोजा

चिमणीसाठी पेटी टांगायची आणि साळुंकीने ती बळकवायची, हे नेहमीचंच. साळुंकीला हुसकत बसण्यात अर्थ नाही, ती चिवट असते. खरा उपाय भोकाच्या मापात आहे. चिमणीला 32 मिलिमीटर व्यासाचं भोक पुरतं आणि त्यातून साळुंकीचं अंग जात नाही. वल्गुलीसाठी (चिमणीहून लहान पक्षी, इंग्रजीत ‘टिट’) पेटी असेल तर 28 मिलिमीटर ठेवा, म्हणजे चिमणीही बाहेरच राहते. भोक पाडताना अंदाजपंचे काम नको. दोन-चार मिलिमीटरनेही घरमालक बदलतो!

लाकूड मऊ असेल तर खार भोकाच्या कडा कुरतडून ते मोठं करते. त्यामुळे भोकाभोवती पत्र्याची चकती ठोका, पण आतली कड कानशीने घासून गुळगुळीत करा. भोकाखाली बसायला दांडी लावू नका. आत राहणाऱ्याला तिची गरज नसते, हल्ला करणाऱ्याला मात्र आयतं ठाण मिळतं.

पेट्या किती अंतरावर लावायच्या, हे पक्ष्यावर ठरतं. चिमण्या शेजारीशेजारी नांदतात. वल्गुली किंवा दयाळ आपल्या हद्दीत जातभाई खपवून घेत नाहीत, त्यांच्या पेट्या लांब लांबच हव्यात.

आणि नको असलेल्या पक्ष्याने अंडी घातलीच, तर घरटं काढू नका. पिल्लं उडून गेली की पेटी रिकामी करून झाडा आणि मगच भोक लहान करा.