कासची फुलं बघायला जाताय? या चुका टाळा

“एवढ्या लांब गेलो आणि फुलंच नव्हती!” दर सप्टेंबरमध्ये हे ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं. कारण फुलं बहुधा असतात, दिवस चुकलेला असतो.

मुख्य चूक म्हणजे महिनाभर आधी रविवार ठरवून ठेवणं. साताऱ्याहून साधारण २५ किलोमीटरवरचं कास पठार म्हणजे जांभ्या खडकाचा सडा, सपाट उघडा कातळ. खडकावर माती जेमतेम, काही ठिकाणी बोटभरही नाही. त्या मातीत पावसाची ओल टिकते तेवढ्याच दिवसांत रोपांना उगवून, फुलून बी धरायचं असतं. म्हणून ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा एवढाच काय तो बहर, आणि तोही पावसाप्रमाणे मागेपुढे सरकतो. संततधारेत गेलात तर नुसतं धुकं दिसेल. दोन-चार दिवस उघडीप मिळाली की निघा, शक्यतो आठवड्याच्या मधल्या दिवशी. रोज ठरावीक लोकांनाच सोडतात, त्यामुळे नोंदणी आधी करा.

दुसऱ्याच्या फोटोतला गालिचा शोधत फिरू नका. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात ते इथे पटतं. आज गुलाबी तेरडा, तर पंधरा दिवसांनी त्याच जागी पिवळी सोनकी. टोपली कारवी या झुडपाचा सामूहिक बहर तर सात वर्षांनी येतो. आणि गालिचा नसला म्हणून काय झालं? इथे ८५० हून अधिक प्रकारच्या सपुष्प वनस्पती आहेत. वाकून बघा. गेंद नावाच्या पांढऱ्या, चेंडूसारख्या फुलांच्या आसपास ओलसर जागी सीतेची आसवं दिसतील, नखाएवढी, निळी-जांभळी. हे नाजूक फूल ज्या रोपाचं, ते कीटकभक्षी आहे. मातीखालच्या इवल्या पिशव्यांत ते सूक्ष्म जीव पकडतं. मला तर गालिच्यापेक्षा हेच जास्त आवडतं.

कुमुदिनी तलाव दुपारनंतरसाठी ठेवू नका. तिथली कुमुदिनीची झालरीची पांढरी फुलं सकाळची. तलावापर्यंत चालावं लागतं, वेळ हाताशी ठेवा.

फोटोसाठी फुलांत बसणं ही चूक मात्र पठाराला भोवते. तुडवलेल्या रोपाला बी धरत नाही, आणि यातली बरीच रोपं एकाच पावसाळ्याची, म्हणजे पुढच्या वर्षी तिथे उगवायला काही उरत नाही. ओला जांभा निसरडा असतो, चांगली पकड असलेले बूट घाला आणि पायवाटेवरूनच चाला.