फुलफ्रेम घ्यायचाय? आधी एक रोल संपवा

दिवाळी जवळ आली की ओळखीतलं कोणीतरी हमखास विचारतं, अरे माझ्याकडे कॅनन १५००डी आहे, आता फुलफ्रेम घेऊ का? (फुलफ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, १५००डीचा सेन्सर त्याहून लहान, त्याला क्रॉप म्हणतात.) मी उलट विचारतो, कुठे अडतंय ते सांग. "फोटो भारी येत नाहीत" हे काय अडणं नाही. नेमकं सांगता आलं पाहिजे, म्हणजे हॉलमधले फोटो दाणेदार येतात, पळणाऱ्या पोरावर फोकस बसत नाही, पक्षी लांब राहतो, असं काहीतरी.

अंधाराची तक्रार असेल तर आधी लेन्स बघा. किटमधली, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेली १८-५५ झूम केली की एफ ५.६ वर येते (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त), त्याजागी ५० एमएम एफ १.८ लावली तर जवळजवळ दसपट उजेड आत येतो. बॉडी, म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा, बदलून फुलफ्रेमवर गेलात तर फायदा साधारण सव्वा स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), म्हणजे जवळजवळ अडीचपट, आणि खर्च कितीतरी जास्त. पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्याने तर फुलफ्रेमच्या नादाला लागूच नये, क्रॉपवर ३०० ची लेन्स ४८० सारखी वागते ते फुकटात मिळालेलं झूम जाईल. फोकस हीच अडचण असेल तर मात्र बॉडी बदला, नव्या मिररलेसचं (आत आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्याचं) डोळा पकडणारं फोकस खरंच कमाल आहे. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्सा अडॅप्टर लावून तिथे मस्त चालतात, निकॉनवाल्यांनी जरा बघून घ्या कारण त्यांच्या जुन्या एएफ-डी प्रकारच्या लेन्सा निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर ऑटोफोकस करत नाहीत.

आता गंमत अशी की ३५ एमएम रोलवरची फ्रेम २४ बाय ३६ मिलिमीटरची असते, म्हणजे फुलफ्रेमच. त्यामुळे फुलफ्रेमवर ५० एमएम कशी दिसते ते बघायला लाखभर घालायची गरज नाही, फिल्मचा जुना कॅमेरा पुरतो. कॅननची ईएफ माउंट, म्हणजे लेन्स बसवायची खाच, १९८७ पासूनची आहे, तुमची ती नवी ५० एमएम जुन्या ईओएस फिल्म बॉडीला लागते आणि ऑटोफोकसही करते (किटची लेन्स क्रॉपसाठीची ईएफ-एस असते, ती लागणार नाही). निकॉनचा एफएम १० वगैरे फिल्म कॅमेरा घेणार असाल तर ॲपर्चरची (उजेड आत येणाऱ्या भोकाची) रिंग असलेली लेन्स हवी, हल्लीच्या 'जी' प्रकारच्या लेन्सला ती नसते.

घ्यायच्या आधी घरचं कपाट शोधा, बाबांचा किंवा मामाचा एखादा याशिका नाहीतर झेनिट निघतोच. नाहीतर पुण्यात जुना बाजार, मुंबईत फोर्टात बोरा बाजार. घेताना मागचं झाकण उघडून एक सेकंदाचा स्पीड असेल तर त्यावर शटर मारा, खरंच एक सेकंद उघडा राहतो का बघा. लेन्समधून मोबाईलचा टॉर्च मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी, आपल्याकडच्या पावसाळ्याची देणगी, ती लेन्स सोडून द्या. झाकणाच्या कडेचा फोम चिकट झाला असेल तर घाबरू नका, बदलून मिळतो, फक्त तेवढे पैसे कमी करून घ्या.

रोल घालताना मात्र घाई नको. मी पहिला रोल घेऊन पालखीला दिवे घाटात गेलो, ३६ फोटो झाले तरी फिल्म पुढे ओढायचा लीव्हर आपला आरामात फिरतोय, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की फिल्म पकडलीच गेली नव्हती. अख्खा घाट चढलो पण फोटो शून्य. तेव्हापासून लीव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची चकती फिरते का ते बघतोच. ती फिरली तरच फिल्म पुढे सरकतेय.

पहिला रोल आयएसओ ४०० चा घ्या (आकडा मोठा तितका कमी उजेड पुरतो), ढगाळ दिवसाला पण चालतो. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर बंद असेल तर कडक उन्हात एफ १६ आणि शटर आयएसओएवढा, म्हणजे ४०० ला साधारण १/५०० सेकंद, ढग आले की एफ ८. शंका आली तर उजेड जास्तच द्या, निगेटिव्ह जास्त उजेड सहन करते, कमी नाही. विमानप्रवासात रोल चेक-इन बॅगेत टाकू नका (एक्स-रेने फिल्म खराब होऊ शकते), हातात ठेवा आणि हाताने तपासा म्हणून विनंती करा. गल्लीतल्या स्टुडिओत आता रोल धुऊन मिळेलच असं नाही, कुरिअरने लॅबला पाठवावा लागतो. निगेटिव्ह परत हव्यात हे आधीच सांगा.

स्कॅन आले की बसून बघा काय बिघडलंय. माझ्या दुसऱ्या रोलमध्ये ११ फोटो फोकसच्या बाहेर होते, मी कॅमेरा घेऊन दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो, त्यांनी व्ह्यूफाइंडरला डोळा लावला आणि म्हणाले, कॅमेरा ठीक आहे रे, तू नंबर तपासून घे. खरंच वाढला होता. चष्मा बदलला, डिजिटल बॉडी अजून तीच आहे.